चुलीपाशी राहिलेला इतिहास

इतिहासाचा शिक्षक म्हणून मी विद्यार्थ्यांना अनेकदा तेरला नेले आहे. आपल्या जिल्ह्यातील हे गाव म्हणजे प्राचीन तगर. दोन हजार वर्षांपूर्वी येथील माल भडोचच्या बंदरावाटे पश्चिमेकडील देशांत जात असे. त्रिविक्रम मंदिराची विटांची वास्तू मुळात बौद्ध चैत्यगृहाच्या धाटणीची आहे, हे सांगितले की मुले कुतूहलाने भिंतींकडे पाहू लागतात. एकदा मात्र रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात वेगळेच घडले. मातीच्या जुन्या भांड्यांपुढे सातवीतील एक मुलगी थबकली आणि म्हणाली, “सर, असलंच गाडगं माझ्या आजीकडं हुतं. त्यात माडगं शिजायचं. आता फुटलं.”

भांडी, नाणी, वास्तू ही इतिहासाची भौतिक साधने आहेत, असे मी वर्गात नेहमी शिकवतो. तगरच्या अनामिक माणसाचे गाडगे साधन ठरते, तर त्या मुलीच्या आजीचे का ठरू नये? या प्रश्नातूनच हा लेख लिहिला आहे. आपल्या समाजाचा इतिहास परिषदांत, सत्याग्रहांत आणि कायद्यांत जसा आहे, तसाच तो घरातल्या चुलीपाशीही आहे. तो सांगणाऱ्या आज्या आता थोड्याच उरल्या आहेत, म्हणून हा अभ्यास तातडीचा आहे.

फडक्यातली भाकरी

बलुतेदारीच्या व्यवस्थेत महाराकडे येसकरकी होती. गावाची वेस राखणे, सांगावा पोचवणे, मेलेले जनावर ओढणे, सरकारी अंमलदाराच्या घोड्यापुढे धावणे ही कामे पाळीपाळीने करावी लागत. ज्याची पाळी असे तो संध्याकाळी फडके घेऊन घरोघर फिरे आणि भाकरी गोळा करी. कागदावर ती भाकरी हक्काची होती, पण मिळे ती मागून. ती वरून टाकली जाई. कधी ताजी, बहुधा शिळी. अनेक घरांच्या भाकरी, अनेक घरांचे कोरड्यास एकत्र होई आणि तेच घरातल्या लेकरांचे रात्रीचे जेवण ठरे.

विद्यार्थ्यांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. भुकेची कारणे नेहमी दुष्काळातच असतात असे नाही. शेजारच्या कणगीत धान्य असतानाही एखाद्या माणसाला मागून खावे लागते, तेव्हा त्याचे कारण समाजाच्या रचनेत शोधावे लागते. आज आपल्या घरातील पिठाचा डबा भरलेला असतो. तो भरायला किती पिढ्या लागल्या, हे मुलांना सांगितले पाहिजे.

महाडचा उपदेश चुलीपर्यंत

१९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे झालेली परिषद आपल्याला चवदार तळ्यासाठी ठाऊक आहे. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस खाणे सोडा, उष्टे-शिळे मागणे सोडा, असा उपदेश केला. त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले आणि २७ डिसेंबरला महाडमध्येच बाबासाहेब स्त्रियांपुढे बोलले. स्वच्छ राहा, मुलामुलींना शाळेत घाला, हे तर त्यांनी सांगितलेच. पण नवरा किंवा मुलगा दारू पिऊन आला तर त्याला जेवू घालू नका, असेही सांगितले. समाजक्रांतीचा एक निर्णय त्यांनी पळी धरणाऱ्या हातावर सोपवला, याकडे आपण पुरेसे लक्ष दिलेले नाही.

हा उपदेश पाळणे सोपे नव्हते. जनावराचे मांस वाळवून केलेल्या चान्या पावसाळ्यात, काम नसलेल्या महिन्यांत, अनेक घरांचा आधार होत्या. भाकरी मागणे थांबवले म्हणजे त्या रात्री घरात काय शिजणार, हा प्रश्न पुरुषाआधी बाईला पडे. ठराव परिषदेत झाले. ते पाळल्याची किंमत घराघरांतील आयांनी अर्धपोटी राहून चुकवली.

१९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदे मंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. पुढे २२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजी आपल्या जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषद भरली आणि बाबासाहेबांचे पाय या मातीला लागले. तडवळ्याचे नाव घेताना आपली मान ताठ होते. ती होताना एवढेही आठवावे की वतनाचा प्रश्न हा त्या फडक्यातल्या भाकरीचाही प्रश्न होता.

बाबासाहेब स्वतः अन्नाकडे इतिहासाचा पुरावा म्हणून पाहत. अस्पृश्य मूळचे कोण, याचा शोध घेणारा त्यांचा ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला. अस्पृश्यतेच्या उगमाची जी मीमांसा त्यांनी त्यात केली, तिच्यात बौद्धांविषयीचा तिरस्कार आणि गोमांसभक्षण ही दोन कारणे मध्यवर्ती आहेत. म्हणजे माणसाच्या ताटात काय होते, हा प्रश्न त्यांनी क्षुल्लक मानला नाही. आपणही मानू नये.

खिरीचा अर्थ

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपल्या घरांतील सणांची दिनदर्शिका बदलली. नैवेद्य गेला, खीर आली. वैशाख पौर्णिमेला दूध आटवून, तांदूळ जाडसर भरडून, साखर-वेलदोडा घालून केलेली खीर आज जिल्ह्यातील बहुतेक बौद्ध घरांत होते. बुद्धपौर्णिमा उन्हाळ्याच्या सुट्टीत येते, त्यामुळे आपल्या वसतिगृहातील मुले ही खीर घरी खातात. वसतिगृहातील मोठे पातेले चढते ते आषाढ पौर्णिमेला, वर्षावासाच्या आरंभी.

उरुवेलेत सुजाताने सिद्धार्थाला दिलेल्या खिरीची कथा लहान मुलांनाही पाठ असते. तिच्या जोडीला चुंदाची कथाही सांगितली पाहिजे. पावा येथील चुंद हा लोहारकाम करणाऱ्या घरातला. त्याच्या घरचे भोजन तथागतांचे अखेरचे ठरले. त्यानंतर ते आजारी पडले, तेव्हा चुंदाला कोणी दोष देऊ नये याची काळजी त्यांनी वाहिली. संबोधीपूर्वीचे भोजन आणि परिनिर्वाणापूर्वीचे भोजन ही दोन्ही दाने सारखीच थोर आहेत, असे आनंदाला सांगितले. एका कारागिराच्या मनाला लागणारी टोचणी मृत्यूच्या दारातही ज्यांना दिसली, त्यांचा धम्म आपण स्वीकारला आहे.

भिक्खूचा पिंडपात आणि येसकराची भाकरी यांतील भेदही येथेच समजतो. दोघेही घरोघर जात. पण भिक्खू गरिबाचे दार टाळत नाही आणि श्रीमंताचे शोधत नाही. त्याच्या पात्रात घालताना देणाऱ्याला धन्यता वाटते. येसकराला भाकरी टाकताना देणारा हात आखडता घेई. ज्या घरांतून पूर्वी फडके घेऊन बाहेर पडावे लागे, त्याच घरांतील उपासिका आज पौर्णिमेला रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला, जात न विचारता, खिरीचा द्रोण देतात. हे खीरदान म्हणजे नुसता गोड पदार्थ वाटणे नव्हे.

वेळ अमावास्येची भज्जी

मार्गशीर्ष अमावास्या म्हणजे आपल्या धाराशिव-लातूर भागातील वेळ अमावास्या. त्या दिवशी गावे ओस पडतात आणि शिवारे भरतात. कडब्याची खोप, तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे आणि हाताला लागेल ती पालेभाजी घालून, चिंचेच्या कोळात शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, शेंगांची व तिळाची पोळी, गव्हाची खीर आणि मडक्यातली थंडगार आंबील. या जेवणाची चव सांगून कळणारी नाही.

माझे वडील सालगडी होते. १९७०च्या दशकाच्या अखेरीस आम्ही भावंडे मालकाच्या शेतात या जेवणाला जात असू. आमची पंगत बांधापलीकडे बाभळीखाली बसे. भांडी घरून न्यावी लागत. आंबील हातभर उंचीवरून ओतली जाई; निम्मी पेल्यात, निम्मी मनगटावर. आम्हांला त्यात गंमत वाटे. आईला वाटत नसावी. एका वर्षी अमावास्येच्या आदल्या रात्री ती म्हणाली, “उद्या शेतात कुणी जायचं न्हाई. भज्जी मी हितंच करते.”

सरव्यात वेचलेल्या तुरीच्या शेंगा, ओढ्याकाठची घोळ आणि पाथरी, रस्त्याकडच्या झाडाची चिंच एवढ्यावर तिने भज्जी केली. तेल नव्हते, येसर लावून दाटपणा आणला. पोळी नव्हती, भाकरी होती. खीर नव्हतीच. पण वाढताना तिने प्रत्येकाची वाटी पळीला टेकवून भरली. त्या वेळी मला त्याचा अर्थ कळला नाही. वडील मात्र बराच वेळ जेवायचे थांबले होते. दुसऱ्या दिवशी मालकाने कामावर विचारले, तेव्हा वडिलांनी काय उत्तर दिले, हे त्यांनी आम्हांला कधीच सांगितले नाही. त्या सालानंतर त्यांचे साल मात्र दुसरीकडे ठरले.

बौद्धांनी वेळ अमावास्या करावी की नाही, असा वाद आपल्याकडे अधूनमधून होतो. माझे मत स्पष्ट आहे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्यांनी चुना लावलेले पाच दगड पुजण्याचे कारण नाही. परंतु तूर आणि हरभरा पुजाऱ्याने पिकवलेले नाहीत. त्यांत आपल्या आयांच्या खुरप्याचा घाम आहे. आज आपल्यातील ज्यांच्याकडे जमीन आहे त्यांनी शिवारात पंगत मांडावी, सर्व जातींच्या शेजाऱ्यांना बोलवावे आणि तेही आपल्याला बोलावतात का, हे पाहावे. बाबासाहेबांनी १९३६ सालीच सांगून ठेवले आहे की केवळ सहभोजनाने जात मोडत नाही. हे खरेच आहे. पण जिथे अजून एका पंगतीचीही चोरी आहे, तिथे पुढची पायरी कशी गाठणार?

लाज आणि नोंद

शिक्षण आणि नोकरीने आपल्या घरात गहू, तांदूळ, पनीर आले. याचा आनंदच आहे. पण त्याबरोबर एक लाजही आली. माडगे, कण्या, घुगऱ्या, तरवट्याची भाजी, वजडी, रक्ती, चान्या ही नावे शहरात राहणारी मुले ऐकत नाहीत, कारण आपणच ती त्यांच्यासमोर उच्चारत नाही. १९७२च्या दुष्काळात खडी फोडून आल्यावर खाल्लेली लाल मिलोची भाकरी आणि सुकडी यांच्या आठवणीही आपण गिळून टाकल्या. लाज ज्यांनी वाटून घ्यायची ते वेगळेच होते.

ही कोंडी काहींनी फोडली आहे. २००९ साली पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रात प्रा. शर्मिला रेगे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी दलितांच्या अन्नस्मृती संकलित केल्या. २०१५ साली मराठवाड्याचेच सुपुत्र शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ प्रसिद्ध झाले. मराठवाड्यातील दलितांच्या स्वयंपाकाची त्यात सविस्तर नोंद आहे आणि २०२४ मध्ये इंग्रजी अनुवादामुळे ती जगभर पोचली. आपल्या आयांची पाककृती पुस्तकात येऊ शकते, हे या पुस्तकाने दाखवून दिले. तरीही प्रत्येक वस्तीची, प्रत्येक घराची नोंद कोणी एक लेखक करू शकत नाही. ते काम घरातल्यांचे आहे.

स्वाध्याय

माजी विद्यार्थी, पालक आणि आताचे विद्यार्थी यांनी येत्या सुट्टीत पुढील काम करावे. एक वही पुरेशी आहे.

१. घरातील सर्वांत वयोवृद्ध स्त्रीजवळ बसावे. तिच्या लहानपणी सकाळी व रात्री काय शिजे, धान्य कोठून येई, सरपण कोण आणी, हे तिच्याच शब्दांत लिहावे. तिची बोली शुद्ध करू नये.

२. तिला येणारा, पण आता घरात न होणारा एक पदार्थ तिच्याकडून करवून घ्यावा. माप तिच्या मुठीने द्यावे. चमच्यात बदलू नये.

३. भाकरी मागणे आपल्या घराने केव्हा आणि कोणाच्या निर्णयाने थांबवले, हे विचारावे. त्यानंतरचे दिवस कसे काढले, हेही विचारावे.

४. ज्यांचे आईवडील दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन साखर कारखान्यावर जातात, त्यांनी तीन दगडांच्या चुलीवर पहाटे काय शिजते आणि फडात ते केव्हा खाल्ले जाते, याची नोंद करावी. हाही आजचाच इतिहास आहे.

५. घरात सर्वांत शेवटी कोण जेवते, हे आठ दिवस पाहावे आणि खरे लिहावे.

पाचवा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमा असलेल्या कित्येक घरांत आजही आई सर्वांमागून, उरलेले खाते. दुसऱ्याचे उष्टे खाणे आपण सोडले. आपल्या घरातील बाईला तळाचे खायला लावणे अजून सोडलेले नाही. वसतिगृहात मुले-मुली एका पंगतीत बसतात, आपापले ताट आपण धुतात, वाढप्याची पाळी सर्वांना येते. ही सवय सुट्टीत घरी नेता आली पाहिजे.

माझी आई आता नाही. तिच्या भज्जीची कृती मी तिला कधी विचारली नाही, एम.ए. करताना मी इतर अनेक घराण्यांच्या वंशावळी पाठ केल्या. हा दोष माझा आहे. आपण तो करू नये, म्हणून हे लिहिले. सुट्टी संपताना भरलेल्या वह्या शाळेच्या ग्रंथालयात आणून द्याव्यात. तेथे त्यांच्यासाठी एक कप्पा रिकामा ठेवला आहे.

जय भीम.