काकांचं रक्त आणि पिवळा रंग

गंगापूर रोडने गिरणाऱ्याकडे निघालात की द्राक्षबागा लागतात. तिथेच माझ्या काकांची बाग आहे. मागच्या हंगामात मिलीबगसाठी क्लोरपायरीफॉस मारून काका घरी आले ते घामाने चिंब, डोकं जड, तोंडाला लाळ. "ऊन लागलं," म्हणाले आणि झोपले. सकाळी बरे झाले, विषय संपला. माझा काही संपला नाही.

मज्जातंतू स्नायूला निरोप देतो तो ॲसिटिलकोलीन या रसायनाने. निरोप पोचला की कोलिनेस्टरेज हे एन्झाइम ते लगेच तोडतं. ऑर्गॅनोफॉस्फेट औषध या एन्झाइमलाच चिकटून बसतं. जेहान सर्कलचे चारही सिग्नल हिरवे होऊन अडकले तर काय होईल? तेच शरीरात होतं. घाम, लाळ, बारीक बाहुल्या, स्नायूंची फडफड, शेवटी श्वास. आणि क्लोरपायरीफॉस मुळात फारसं चिकटत नाही बरं का! आपलं यकृतच त्यातला गंधक काढून ऑक्सिजन बसवतं आणि खरं विष तयार करतं.

प्रयोगशाळेत हे मोजायची एलमन यांची १९६१ ची पद्धत आजही चालते, उंदराच्या मेंदूसाठी आणि माणसाच्या रक्तासाठीही. शाबूत एन्झाइम जितकं जास्त, तितका पिवळा रंग भराभर चढतो. तो ४१२ नॅनोमीटरवर मोजायचा. म्हणजे एलईडी, फोटोडायोड, ॲम्प्लिफायर. आपल्या प्रॅक्टिकलचाच माल! अडचण एवढीच की हिमोग्लोबिनही साधारण तिथेच प्रकाश शोषतं, त्यामुळे लाल पेशी तपासताना तरंगलांबी थोडी सरकवावी लागते.

२०१७ मध्ये यवतमाळला कपाशीवर फवारताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने गेले, शेकडो दवाखान्यात होते. तिथल्या सरकारी रुग्णालयात तेव्हा ही तपासणी होत नव्हती, हे वाचून मी सुन्न झालो.

पण नुसतं यंत्र असूनही भागत नाही. या एन्झाइमचं प्रमाण माणसागणिक बरंच बदलतं. काकांचा आकडा कमी आला, तर तो कशापेक्षा कमी? म्हणून फवारणीआधीचा त्यांचा स्वतःचा आकडा हवा. कॅलिफोर्नियात फवारणी कामगारांसाठी १९७४ पासून हा नियम आहे. लाल पेशींतलं एन्झाइम मूळ आकड्याच्या ७० टक्क्यांवर उतरलं की माणसाला औषधापासून दूर ठेवतात.

काकांना सांगितलं तर म्हणाले, "मला काय झालंय? सुई कशाला?" शेवटी काकूला गाठलं. ऑक्टोबर छाटणीआधी त्यांना लॅबमध्ये घेऊन यायचं तिने कबूल केलंय.