डेरिव्हेटिव्ह ‘नॉट ॲट होम’!

एम-वन म्हटलं की हॉस्टेलमधल्या निम्म्या पोरांच्या पोटात गोळा येतो. माझ्या रूम पार्टनरची तर दोनदा केटी लागली होती. गडी हर्णैचा, घरची मासेमारीची होडी. ‘‘आता उडालो ना, तर बॅग भरायची नि बाबांच्या होडीवर जायचं,’’ असं तो हसत हसत सांगायचा. पण एका रात्री तो खरंच बॅग काढून बसलेला दिसला, तेव्हा माझं हसू पळालं.

गंमत म्हणजे सूत्रं त्याला तोंडपाठ! साइनचं डेरिव्हेटिव्ह कॉस, हे झोपेतही सांगेल. पण साइनचा ग्राफ समोर ठेवून ‘‘आता डेरिव्हेटिव्हचा काढ’’ म्हटलं की पेन थांबायचं.

मे महिन्याच्या सुट्टीत ‘नॉट ॲट होम’ कोण खेळलं नाही? आम्ही तोच खेळ घेतला. कार्डशीट कापून ५२ पत्ते केले. १३ फंक्शन्स, प्रत्येकाचे चार पत्ते : निळ्या शाईत फंक्शन आणि त्याचा ग्राफ, लाल शाईत डेरिव्हेटिव्ह आणि त्याचा ग्राफ. संचातला एक तरी पत्ता हातात असेल तरच बाकीचे मागायचे. सूत्राचा पत्ता नाव घेऊन मागायचा, ग्राफचा मात्र वर्णन करून. म्हणजे एक्स स्क्वेअर हातात असेल तर ‘‘शून्यातून जाणारी, चढती सरळ रेषा, लाल’’ असं म्हणायचं. समोरच्याकडे नसेल तर तो ‘नॉट ॲट होम’ म्हणणार आणि पाळी त्याची. वर्णन चुकलेलं कोणी पकडलं तरी पाळी गेली.

पहिल्याच डावात भांडण! ‘ई रेज टू एक्स’चे निळे-लाल पत्ते सारखेच, म्हणून एकाने ‘‘पत्ता डबल झालाय’’ अशी ओरड केली. मग समजावलं, की ह्या फंक्शनची जेवढी उंची तेवढाच त्याचा चढ. मॉड एक्सच्या लाल ग्राफवरही बराच वाद झाला. शून्यापाशी टोक, तिथे चढ कुठला धरायचा? कुठलाच नाही, म्हणून तिथे रेषा तुटलेली.

पार्टनर साइनवर अडला. मी विचारलं, ‘‘काय रे, भरतीचं पाणी सगळ्यात जोरात कधी चढतं?’’

‘‘अर्ध्या भरतीला.’’

‘‘आणि पूर्ण भरतीला?’’

‘‘थोडा वेळ थांबतं. मग ओहोटी.’’ एवढं बोलून तो गप्प झाला आणि एकदम म्हणाला, ‘‘म्हणजे साइन वर टेकला की कॉस शून्य!’’

लहानपणापासून जे डोळ्यांनी बघत आला तेच पुस्तकात आहे, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

हे आपल्याकडे नवीन नाही. भास्कराचार्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’त (इ.स. ११५०) ग्रहांच्या तात्कालिक गतीचा विचार केला. ग्रहाच्या मध्यम आणि स्पष्ट स्थानांतला फरक जिथे सर्वांत जास्त, तिथे त्या फरकाची वाढ शून्य, हे त्यांनी ओळखलं होतं. आपल्या पूर्ण भरतीसारखंच! त्यांच्याच ‘लीलावती’त भुंगे आणि मोर-सापांची गणितं आहेत. आज कॉम्प्युटरवर खेळायचं तर कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ प्रकल्पातलं ‘कॅल्क्युलस ग्राफर’ फुकट मिळतं. वरचा ग्राफ माऊसने ओढा, खालचा डेरिव्हेटिव्हचा आपोआप बदलतो. नोबेल विजेते कार्ल वायमन यांनी हा प्रकल्प २००२ मध्ये सुरू केला.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगतो. पत्ते खेळून इंटिग्रेशनची गणितं सुटत नाहीत. त्यासाठी मागचे पेपर आणि कच्ची वहीच लागते. आम्हीही जेवणानंतर दोन डाव खेळायचो आणि मग दहा गणितं करायचो. खेळाने एवढंच केलं, की त्या गणितांची भीती गेली.

त्या वेळी पार्टनरचा एम-वन सुटला. मार्क विचारू नका, काठावरचेच आहेत! पण बॅग परत पलंगाखाली गेली.

पत्ते आमच्या रूमवर आहेत. कधीही या. फक्त लाल पत्ता मागताना नीट विचार करून मागा!