कोंबड्यांना चढायला फळी कशी लावावी?

प्रश्न : परसातले खुराडे जमिनीपासून अडीच फूट उंच आहे. साडेतीन फुटी फळी लावली आहे. गावठी कोंबड्या भुर्रकन चढतात, पण गिरिराज जातीच्या कोंबड्या खालीच घुटमळतात. पावसात तर घसरतातच. काय करावे? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : दोष कोंबड्यांचा नाही, चढाचा आहे. तुमच्या फळीचा चढ ४५ अंशांच्या आसपास जातो. अंगाने जड पक्ष्याला तो झेपत नाही. फळी पाच फुटांची घेतलीत तर चढ ३० अंशांवर येईल. जागा असेल तर सहा फुटी घ्या. रुंदी फूटभर ठेवा.

फळीवर दर पाच-सहा इंचांवर बांबूच्या कांबी आडव्या ठोका, गोल बाजू वर. प्रत्येक कांबीवरून बोट फिरवून पाहा. खिळ्याचे टोक किंवा कूस हाताला लागली, तर ती कोंबडीच्या तळव्यालाही लागणार. तिथून जंतू शिरले की तळवा सुजतो, मध्ये काळी खपली धरते आणि पक्षी लंगडू लागतो. वरून उड्या मारणाऱ्या जड कोंबड्यांना हा त्रास जास्त होतो, म्हणून हे काम पुढे ढकलू नका.

पत्रा मात्र वापरू नका. उन्हात तापतो, पावसात निसरडा होतो. फळीचे खालचे टोक चिऱ्यावर टेकवा, म्हणजे कुजणार नाही. पावसाळ्यात शेवाळ काथ्याने घासून काढत जा.

नवी फळी लावल्यावर काही दिवस संध्याकाळी तिच्यावर तांदळाच्या कण्या टाका. सगळ्या आत गेल्या की दार लावून घ्या. मुंगूसही त्याच फळीवरून चढते.