सुधारणा कोणाच्या हाती? : चांद्याच्या राजवटी आणि रानाचे हक्क

इतिहासाच्या तासाला रशियाच्या झारशाहीचा धडा आम्ही अनेक वर्षे शिकवीत आलो आहोत. १८६१ मध्ये झार दुसरा अलेक्झांडर याने भूदासांना मुक्त केले, हे वाक्य फळ्यावर लिहिले की विद्यार्थी ते वहीत उतरवून घेतात. एके वर्षी वसतिगृहातील एका मुलाने विचारले, “गुरुजी, मुक्त केले तर मग जमिनीचे हप्ते कशाला भरायला लावले? आणि सरपणाचे रान कोणाकडे गेले?” प्रश्न रशियाचा होता, पण तो धानोऱ्याच्या बाजूच्या रानातून आला होता. त्या प्रश्नाच्या निमित्ताने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

रशियातील घटनाक्रम थोडक्यात असा. दोन कोटींहून अधिक भूदासांना व्यक्तिगत स्वातंत्र्य मिळाले; परंतु वाट्याला आलेल्या जमिनीची किंमत त्यांनी एकोणपन्नास वर्षे हप्त्यांनी फेडावी, असे ठरले. पूर्वी कसत असलेल्या जमिनीचा काही भाग, कुरणे आणि जंगले पुष्कळ ठिकाणी जमीनदारांकडेच राहिली. १८६४ मध्ये स्थानिक मंडळे व नवी न्यायालये स्थापन झाली. १८८१ मध्ये या झारची हत्या झाली आणि त्याच्या मुलाने, तिसऱ्या अलेक्झांडरने, बापाने दिलेले पुष्कळसे परत आवळून घेतले. १९०५ च्या उठावानंतर दुसऱ्या निकोलसने प्रतिनिधिसभा दिली आणि ती नकोशी होताच बरखास्तही केली. देणारा एक, काढून घेणारा दुसरा. कधी दोन्ही हात एकाचेच. हा नियम केवळ रशियाचा नाही. आपल्या चांदा मुलखात तो अधिक जवळून पाहता येतो.

गोंड राजे ते भोसले

चांद्याच्या गोंड राजांनी रान मोडून शेती करणाऱ्यास आणि तलाव बांधणाऱ्यास जमिनी दिल्या, असे परंपरा सांगते. चंद्रपुरातील ‘तुकूम’ हे वस्तीचे नाव अशाच जुन्या सनदांशी जोडले जाते. आजही आपल्या धानपट्ट्यात जुने तलाव पाणी देतात. अर्थात ते राजेही राजेच होते. कर आणि चाकरी ते घेतच. म्हणून त्या काळाला सुवर्णयुग म्हणण्याचा मोह आम्ही टाळतो. मात्र रानातले सरपण, मोहफुले, बांबू घेण्यासाठी गावाला कोणाचा परवाना लागत नव्हता.

१७५१ मध्ये रघूजी भोसल्यांनी चांदा आपल्या राज्यास जोडला. पुढे वसुलीचा भार वाढला, पेंढाऱ्यांच्या स्वाऱ्यांनी गावे उठली. १८१८ मध्ये इंग्रजांनी चांद्याचा किल्ला घेतला आणि १८५४ मध्ये, गादीला वारस नाही या सबबीवर, नागपूरचे सारे राज्यच खालसा केले.

अकरा दिवसांचे अंतर

१८५८ मध्ये मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबूराव पुल्लेश्वरबापू शेडमाके आणि अडपल्ली-घोटचे व्यंकटराव यांनी इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले. एप्रिलच्या अखेरीस चिंचगुंडी येथे तारखात्याच्या तळावर हल्ला होऊन गार्टलँड व हॉल हे दोघे मारले गेले. डेप्युटी कमिशनर क्रिक्टन याने अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यावर दडपण आणले. त्यांच्याकरवी बाबूराव पकडले गेले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली.

आता दुसरी तारीख पाहा. १ नोव्हेंबर १८५८ रोजी व्हिक्टोरिया राणीचा जाहीरनामा देशभर वाचून दाखविण्यात आला. त्यात दयेची भाषा होती, न्यायाची होती, प्रजेच्या कल्याणाची होती. फाशी आणि जाहीरनामा यांत अंतर केवळ अकरा दिवसांचे! पाठ्यपुस्तकात या दोन घटना वेगवेगळ्या पानांवर येतात. त्या एका पानावर मांडणे हे इतिहासाच्या शिक्षकाचे काम आहे, असे आम्ही मानतो.

एका हाताने मालकी, दुसऱ्या हाताने मनाई

१८६१ मध्ये, ज्या वर्षी रशियात भूदास मुक्त झाले त्याच वर्षी, मध्य प्रांताची स्थापना झाली. त्या दशकात चांदा जिल्ह्याची जमाबंदी झाली. लूसी स्मिथ यांचा तिच्यावरील अहवाल १८६९ चा आहे. या जमाबंदीने सारा निश्चित केला, हक्क कागदावर आणले. ही सुधारणाच होती. पण मालकी मिळाली ती गावचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजाराला. पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणारा आपल्याच शिवारात कूळ ठरला. सरपण, चराई, घरासाठी लाकूड या त्याच्या गरजांची नोंद ‘वाजिब-उल-अर्ज’ या गावकागदात झाली. त्यालाच आपण निस्तार म्हणतो.

याच दशकात, १८६५ मध्ये, पहिला जंगल कायदा आला. १८७८ च्या कायद्याने राखीव आणि संरक्षित जंगले ठरली; १९२७ च्या कायद्याने ती चौकट पक्की केली. आलापल्लीचे सागवान सरकारी झाले. काल जे गरजेपुरते आणणे होते, ते आज चोरी ठरले. रान तेच, पायवाट तीच. बदलली फक्त नोंद. आजही वर्गात “जंगल कोणाचे?” असे विचारले तर पहिले उत्तर येते, “नाकेदाराचे.” त्या एका शब्दात दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

प्रजासत्ताकातील जुने कायदे

२६ जानेवारी १९५० रोजी राज्यकर्ता बदलला नाही, राज्याचे स्वरूपच बदलले. तथापि २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बजावले होते की राजकारणात समता आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता, अशा विसंगतीच्या युगात आपण प्रवेश करीत आहोत. चांद्याच्या रानात ही विसंगती लवकरच दिसली. संविधानाच्या ३७२ व्या कलमाने जुने कायदे बदलले जाईपर्यंत चालू ठेवले. त्यांत १९२७ चा जंगल कायदाही होता. त्या काळी चांदा मध्य प्रदेशात होता. तेथील कायद्याने ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी व जमीनदारी संपली. मालगुजार गेला, हे न्याय्यच झाले. परंतु त्याच्या ताब्यातील जंगल गावाकडे न येता शासनाकडे गेले. निस्तार हक्क कागदावर उरला, आणि बांबू कागद गिरणीला ठेक्याने जाऊ लागला.

मेंढ्याने केलेला अभ्यास

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने येथे वेगळी वाट काढली. देवाजी तोफा आणि त्यांच्या गावकऱ्यांनी अभ्यासगट चालविला, जुने निस्ताराचे कागद व कायदे वाचून घेतले, आणि ग्रामसभेत सर्वांच्या संमतीनेच निर्णय घेण्याची रीत पाडली. १९९६ मध्ये पेसा कायदा व २००६ मध्ये वनहक्क कायदा संसदेत संमत झाला. आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याची कबुली वनहक्क कायद्याच्या प्रास्ताविकातच आहे, आणि हक्क ठरविण्याची सुरुवात त्याने ग्रामसभेकडे सोपविली आहे. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही आपला बांबू विकण्यासाठी लागणारे वाहतूक परवान्याचे पुस्तक गावाच्या हाती पडले ते २७ एप्रिल २०११ रोजी. हक्क कागदावर येणे आणि हातात येणे यांतील हे अंतर विद्यार्थ्यांनी विसरू नये.

निष्कर्ष

राज्यकर्त्याचा स्वभाव चांगला की वाईट, एवढ्यावर इतिहास संपत नाही. दुसरा अलेक्झांडर मनाने वाईट नसेल, जमाबंदी करणारे अधिकारीही परिश्रमी असतील. सुधारणेची खरी परीक्षा तीन प्रश्नांनी होते : नोंद कोणी लिहिली, ज्याच्याविषयी ती लिहिली त्याला ती वाचता येते काय, आणि ती परत घेण्याचा अधिकार कोणाकडे आहे? वरून मिळालेली कृपा वरूनच काढून घेता येते. वाचलेला, समजलेला आणि गावाने एकत्र बसून सांभाळलेला हक्क काढून घेणे कठीण जाते.

आपल्या वसतिगृहातील पुष्कळ मुले त्यांच्या घरातील पहिली वाचणारी पिढी आहेत. ज्या कागदांनी आजोबांना चोर ठरविले, ते वाचू शकणारा घरातला पहिला माणूस कदाचित तुम्हीच असाल. शाळा आपल्याला याचसाठी हवी असते.

स्वाध्याय

१. दिवाळीच्या सुटीत आपल्या गावचे निस्तारपत्रक तलाठी कार्यालयात पाहण्यास मागा व त्यातील नोंदी वहीत उतरवा.
२. वनहक्काचा दावा गावाने केला आहे काय, तो कोणत्या टप्प्यावर आहे, हे ग्रामसभेत विचारा.
३. घरातील वडीलधाऱ्यांना रानात जाण्याविषयीच्या त्यांच्या आठवणी विचारा आणि त्यांच्याच शब्दांत लिहून आणा.