पॉइंट्स आहेत, पण सीट मिळेना

प्रश्न : मुलगी फ्रँकफर्टला असते. एअर इंडियाच्या महाराजा क्लबमध्ये भरपूर पॉइंट्स साठलेत, पण लुफ्थान्साची सीट मिळत नाही. विमानात जागा तर रिकाम्या दिसतात! पॉइंट्स वाया गेले का?
– एक वाचक, वसमत (जि. हिंगोली)

उत्तर : नाही ताई, काळजी नको, फक्त पॉइंट्सची मुदत तपासा. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात आहे, लुफ्थान्साही त्यातच आहे, पण भागीदार कंपन्या पॉइंट्ससाठी मोजक्याच जागा खुल्या करतात. मुंबईचाच हट्ट धरू नका. हैदराबाद तुम्हाला जवळचं, तिथूनही बघा. म्युनिक किंवा झुरिकमार्गेही शोधा. तारखा मागेपुढे करा, दोघं जाणार असाल तर एकेकाची सीट शोधून पाहा. कर मात्र पैशांत भरावेच लागतात. आणि सीट दिसल्याशिवाय क्रेडिट कार्डाचे पॉइंट्स महाराजा क्लबमध्ये मुळीच वळवू नका. ते सहसा परत फिरत नाहीत.