आल्सासची रिझलिंग गोडच असते का?

प्रश्न : मुलाने स्ट्रासबूर्गहून त्रिंबाखची रिझलिंग आणली आहे. उंच, निमुळत्या बाटलीतली वाइन गोड असते, असे ऐकले. जेवणाबरोबर चालेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : निश्चिंत राहा. ती बाटली आल्सास प्रांताची ओळख आहे. गोडीशी तिचा संबंध नाही. १६२६ पासून वाइन करणारे त्रिंबाख घराणे कोरड्या (म्हणजे गोड नसलेल्या), आंबटसर रिझलिंगसाठीच नावाजलेले आहे. तिकडे ती मासे किंवा आंबवलेल्या कोबीसोबत घेतात. तुम्ही तळलेल्या पापलेटाबरोबर जरूर घ्या. झणझणीत रस्सा मात्र टाळा, त्यात तिचा नाजूक स्वाद हरवतो. थोडी गोडसर हवी असेल तर गेवुर्त्स्ट्रामिनर बघा. गुलाबाच्या वासाची ही वाइन तिथल्या उग्र मुन्स्टेर चीजबरोबर फार खुलते. २०२१ च्या हंगामापासून आल्सासच्या वाइनच्या लेबलवर गोडीचे प्रमाण लिहिलेले असते. ‘सेक’ म्हणजे कोरडी. मधुमेहाची औषधे चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा.