'माणूस' पाहिल्यावर कळलेल्या काही गोष्टी

व्ही. शांताराम यांचा 'माणूस' (१९३९) मी आधी तरुणपणी पाहिला आणि निवृत्तीनंतर पुन्हा पाहिला. मधली वर्षं जालना जिल्ह्यातल्या शाळांत शिकवण्यात गेली. त्या वर्षांत जे डोळ्यांसमोर घडलं, त्यामुळे दुसऱ्यांदा हा सिनेमा जास्त उमगला.

१. धाडस एका रात्रीपुरतं असतं, खरं काम त्यानंतर सुरू होतं. पोलीस शिपाई गणपत (शाहू मोडक) छाप्याच्या वेळी वेश्यावस्तीतल्या मैनेला (शांता हुबळीकर) वाचवतो. तेवढ्याने तिचं आयुष्य बदलत नाही. पुढे रोज, लोकांच्या नजरा झेलत तिच्या बाजूने उभं राहावं लागतं आणि तिथेच त्याची दमछाक होते.

२. घराने स्वीकारलं तरी मन स्वीकारेलच असं नाही. गणपतची देवभोळी आई मैनेला आपली मानते, तरी मैना निघून जाते. 'आपण या घराच्या लायकीच्या नाही' हे तिला त्या घरात कुणीच म्हटलेलं नसतं. आमच्या गल्लीत नवऱ्याने टाकलेली एक बाई माहेरी परत आली होती. पिठाची गिरणी एकटीने चालवायची, हिशेबाला चोख. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलावलं तर दारातच, चपलांपाशी टेकायची. मी तिला हाताला धरून सतरंजीवर मधोमध बसवलं. पुढच्या वर्षी ती पुन्हा चपलांपाशी! पुन्हा उठवलं. हे एकदा करून भागत नाही.

३. माणूस विसरायला तयार असतो, गाव नसतं. हे मला वर्गात कळलं. अंबड तालुक्यातल्या एका शाळेत एका मुलीची कंपासपेटी हरवली. मी तोंडातून शब्द काढण्याआधीच सगळ्या वर्गाच्या माना शेवटच्या बाकावरच्या पारधी मुलाकडे वळल्या. त्याने न सांगताच दप्तर उलटं केलं. दोन वह्या, एक पेन, फडक्यात बांधलेली भाकरी. पेटी नंतर बाकाच्या फटीत सापडली. त्याच्याकडे तेव्हा कुणी पाहिलंसुद्धा नाही.

इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून पारध्यांसारख्या काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. आमचं जालना तेव्हा निजामाच्या राज्यात, पण तिथेही तसलाच कायदा होता. इंग्रजांचा तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. त्या मुलाचा जन्म त्यानंतर कितीतरी वर्षांनी झालेला आणि वर्गातल्या एकाही पोराने त्या कायद्याचं नाव ऐकलेलं नव्हतं. माना तरीही वळल्या. मैनेच्या मागे तिचा नीच मामा लागलेला असतो, या पोराच्या मागे सगळा गाव होता. त्या दिवसापासून काही हरवलं की मी आधी माझी पिशवी टेबलावर रिकामी करायची, मग पहिल्या बाकापासून सगळ्यांची दप्तरं.

४. शेवट गोड नाही म्हणून सिनेमावर रागावू नये. मी तरुणपणी रागावले होते. मैनेच्या हातून मामाचा खून होतो, तिला जन्मठेप होते. गणपत तिला तुरुंगातून पळवायला तयार असतो, ती नाही म्हणते. आता मला ते पटतं. लपतछपत जगणं तर तिने आधीच भोगलेलं होतं. शांताराम तिचं लग्न लावून आपल्याला मोकळं करत नाहीत आणि गणपतचा 'देवदास'ही होऊ देत नाहीत. ८० वर्षांहून जुना हा सिनेमा आजच्या कितीतरी सिनेमांपेक्षा प्रामाणिक आहे, हे माझं ठाम मत.

५. लोक शांता हुबळीकरांचं या सिनेमातलं अनेक भाषांतलं गाजलेलं गाणं लक्षात ठेवतात, मैनेला विसरतात. सिनेमा अख्खा पाहा.

जिल्ह्यातल्या शिक्षकांना माझी हात जोडून विनंती आहे : वर्गात काही हरवलं, तर एकट्या पोराचं दप्तर उघडायला लावू नका.